जानू तांडेल मिशीला साल देतो

तारापूरच्या खाडीकाठी जानू तांडेलाचा शब्द दोन बाबतींत शेवटचा मानत, एका वाऱ्याच्या आणि दुसऱ्या सालीच्या. वाऱ्याच्या बाबतीत तो अधूनमधून चुके, पण ते कबूल करणाऱ्यांतला तो नव्हता. अशा वेळी वारा चुकला असं तो म्हणे. सालीच्या बाबतीत मात्र त्याच्याकडे बोट दाखवायची कुणाची छाती नव्हती.

त्या काळी जाळी सुताची असत. सुती जाळं तसंच खाऱ्या पाण्यात टाकलं तर मोसम संपायच्या आत कुजून हातात येतं. म्हणून डोंगरातल्या ऐनाच्या झाडाची साल आणायची, ती कुटून मोठ्या हंड्यात उकळायची आणि त्या कढत काढ्यात जाळं बुडवून मग वाळूवर पसरायचं. याला साल देणं म्हणत. हंड्यातून निघताना जाळं कोऱ्या चहाच्या रंगाचं दिसे. मग ऊन-वारा लागला की रंग डोळ्यांदेखत चढत जाई. दुपारी विटकरी, दुसऱ्यांदा बुडवून वाळवलं की चांगलं गडद तांबूस. गुडघे कुरकुरायला लागल्यावर जानूनं होडीवर जाणं सोडलं आणि या हंड्यापाशी ठाण मांडलं. लोक त्याला तांडेलच म्हणत राहिले, आणि तोही हंडा ढवळताना होडी हाकारल्यासारखाच ओरडत राहिला.

"साल दिलेली वस्तू मरत नाय," हे त्याचं मत होतं. असं मत माणसाला एकदा जडलं की ते जाळ्यापाशी थांबत नाही. जानूनं बाजेच्या सुंभाला साल दिली. छत्रीला दिली. स्वतःच्या धोतरांना दिली, आणि त्यामुळे डहाणूच्या रस्त्यावर एका म्हातारीनं त्याला साधू समजून पायांवर डोकं ठेवलं. जानूनंही, आता ठेवलंच आहे तर, म्हणून आशीर्वाद देऊन टाकला.

हंड्याचा नियम एकच, पण कडक. लोखंड जवळ आणायचं नाही. हंडा तांब्याचा, ढवळायचा दांडा लाकडाचा. कमरेला कोयता लावून कुणी नुसतं शेजारून गेलं तरी जानू बोंब ठोकी. "लोखंड बगितलं की साल रुसते!" रुसलेली साल त्यानं एकदा पाहिली होती. नांगराच्या साखळीचा गंजका तुकडा जाळ्यात अडकून हंड्यात गेला, आणि जाळं निघालं ते कोळशासारखं काळं. मालकानं पुढं बरेच दिवस जानूचं तोंड पाहिलं नाही. शाळेतल्या मास्तरांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की सालीतला तुरट अंश आणि गंज एकत्र आले की त्याची काळी शाई होते, यात रुसण्याफुगण्याचा काही संबंध नाही. पण मास्तरांना विचारणं जानूच्या स्वभावात नव्हतं, आणि ते असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

जानूची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. तो स्वतःच रांधायचा आणि जेवताना स्वतःच नावं ठेवायचा. दिवस हंड्यापाशी आरडाओरडा करण्यात जाई, पण संध्याकाळी जाळ विझला की घरात शिरायचं त्याच्या जिवावर येई. तो उगाच राखेत काटकी फिरवत बसे. हे त्यानं कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. पण चिंचणीत दिलेल्या थोरल्या बहिणीला, मंजुळाबायला, बोलून दाखवावं लागत नसे. एका वैशाखात ती तरातरा हंड्यापाशी आली आणि म्हणाली, "जान्या, परवा नवापूरला जायाचं. धोतर धुऊन ठेव. पांढरं असंल एखादं, तर ते."

नवापूरला काशीबाई म्हणून होती. नवरा दर्यात गेलेला, लेक लग्न होऊन सासरी. बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकून ती आपलं आपण भागवत होती. त्यांच्या समाजात विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागतो, त्यात कुणी नाक मुरडत नाही. मंजुळाबायनं बाजारात जानूचा विषय काढला होता आणि काशीबाई "आना एकदा" म्हणाली होती.

जानू हंडा ढवळायचं विसरला. "बाय, वय काय सांगितलंस?"

"चाळीस."

"चाळीस!"

"मंग? कदीतरी झालाच होतास की तू चाळीस. खोटं काय हाय त्यात?"

जानूला यात खोट काढता येईना. पण दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच गोष्ट उभी राहिली. डोक्याचं काही नव्हतं, डोक्यावर टोपी असते. मिशीवर टोपी घालता येत नाही. आणि जानूची मिशी म्हणजे भरघोस, दोन्ही गालांवर पसरलेली आणि कापसाच्या वातीसारखी पांढरीफेक. चाळिशीचा माणूस त्या मिशीमागे लपवणं कुणालाच शक्य नव्हतं.

"पालघरला कलप मिळतो," मंजुळाबाय म्हणाली. "मागवू?"

जानू उखडला. "दारात रंगाचा हंडा असताना मी इकतचा रंग लावू? गाव काय म्हनंल?"

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी हंडा कोमट असताना, आजूबाजूला कुणी नाही असं पाहून, जानूनं टोपी काढून बाजूला ठेवली, दोन्ही हातांनी काठ धरला आणि नाक वर ठेवून मिशी काढ्यात सोडली. नेमका तेव्हाच वाणगावपलीकडच्या डोंगरातून साल घेऊन येणारा भिका वारली भारा टाकून उभा राहिला. तांडेल हंड्यात तोंड घालून ओणवा झालेला त्यानं पाहिला.

"तांडेल, पिता काय?"

जानू ठिबकत वर आला. "मिशीला साल देतोय."

भिकाला यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. तो उकिडवा बसला आणि नीट निरखून म्हणाला, "किती पावसाळं टिकंल?"

मिशी आधी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली. जानूनं उन्हात तोंड वर करून ती वाळवली आणि रीतीप्रमाणे पुन्हा बुडवली. दुपारपर्यंत रंग असा काही चढला की जाळं असतं तर मालकानं पाठ थोपटली असती. संध्याकाळी मंजुळाबाय मुक्कामाला आली, तिनं पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अगो बाय! ही मिशी हाय की नारळाची शेंडी?"

जानू आरशात पाहत राहिला. रंग उत्तम होता, एकसारखा, कुठं डाग नाही. पण ज्याची मिशी तांबडी त्याला चाळिशीचा म्हणावं की साठीचा, की काही वेगळंच, हे सांगता येत नव्हतं. उद्या सकाळी निघायचं होतं. तो अंगणात येऊन बसला. भिका अजून तिथंच विडी ओढत होता, आणि त्याच्या कमरेला कोयता होता. एरवी या कोयत्यावरून जानूनं त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली असती. आता तो कोयत्याकडे पाहतच राहिला. त्याला ते काळं जाळं आठवलं होतं.

"भिका, कोयता दे तुजा."

भिका घाबरला. "मी हंड्यापाशी नाय नेला, तांडेल! आईशप्पत!"

"दे म्हनतो ना!"

तांब्याच्या तांब्यात काढा घेतला, त्यात गंजलेला कोयता उभा केला, वरून चार गंजके खिळे टाकले आणि चुलीवर रटरट उकळलं. काढा काळाकुट्ट झाला. आयुष्यभर पाळलेला नियम मोडून जानूनं कापडाचा बोळा बुडवला आणि डोळे मिटून मिशीवर फिरवला. साल रुसली, आणि काय रुसली! मिशी कावळ्याच्या पंखासारखी काळी झाली. तिच्याबरोबर वरचा ओठ, नाकाचा शेंडा आणि उजव्या हाताची बोटंही काळी झाली. राखेनं घासली, वाळूनं घासली, ढिम्म हलली नाहीत.

भिका लांबून, जवळून, दोन्ही बाजूंनी पाहून म्हणाला, "तांडेल, तुमी दिसतच नाय. नुसती मिशी दिसते."

"तेच पायजे," मंजुळाबाय म्हणाली.

सकाळी एस.टी.नं दोघं बोईसरला उतरली. बिजलीघराच्या कामामुळे तिथं मजुरांची ही गर्दी होती. त्यांतल्या एकानं जानूला हटकलं, "ओ भैया, टाइम क्या हुआ?" जानूच्या मनगटाला घड्याळ कधीच नव्हतं. पण आजवर या लोकांनी त्याला "बाबा" म्हणून हाक मारली होती, फार तर "चाचा" म्हणून. भैया कुणी म्हटलं नव्हतं. त्यानं आभाळाकडे पाहून ऐटीत वेळ सांगून टाकली आणि नवापूरच्या टांग्यात तो उडी मारून चढला. गुडघा कळवळला, पण त्याकडे लक्ष द्यायचं त्याच्या मनात नव्हतं. मग मात्र घाम सुटला, आणि घामानं रंग ओघळेल या भीतीनं त्यानं जे तोंड घट्ट मिटलं ते मिटलंच.

काशीबाईचं घर समुद्राच्या अंगाला होतं. तिच्या भावानं, वामननं, दोघांना ओट्यावर बसवलं. काशीबाई दारात आली. उंच, काळीसावळी, डोळ्यांत धार असलेली बाई. तिनं जानूकडे पाहिलं, मग त्याच्या मागं पाहिलं, मग टांगा गेला त्या रस्त्याकडे पाहिलं.

"बाकीचं मानूस मागून येतंय काय?"

"नाय, आमी दोगंच," मंजुळाबाय म्हणाली. "हा माजा भाव."

"धाकटा?"

"धाकटाच की!" मंजुळाबायला उकळ्या फुटल्या. मिशीनं काम केलं होतं.

पण काशीबाईचा चेहरा पडला. तो पडलेला जानूनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. ओळखलं हिनं, त्याला वाटलं. मान सुरकुतलीय, हातांच्या शिरा वर आल्यात, मिशी कितीही काळी केली म्हणून काय होतं? तो आणखी ताठ बसला, आणखी घट्ट ओठ मिटून. तिनं विचारलं, प्रवास कसा झाला. जानू म्हणाला, "हं." तिनं विचारलं, ऊन लागलं का. जानू म्हणाला, "हं." काशीबाई आत निघून गेली, आणि आता ही बाहेर येते की नाही याचीच जानूला धास्ती पडली.

ती आली. उन्हातून आलेल्या पाहुण्याला तसंच बसवून ठेवायची तिच्या घरची रीत नव्हती. पितळेच्या मोठ्या पेल्यांतून तिनं कैरीचं पन्हं आणलं होतं, चांगलं आंबट, जीभ टाळूला चिकटेल असं. जानूनं पेला तोंडाला लावला. अशी मिशी असली की ती माणसाच्या आधी पेल्यात उतरते. जानूनं एक घोट घेऊन पेला खाली केला, तर पन्ह्यात काळा धूर सुटला होता.

शाई जशी तुरट आणि गंज यांनी बनते, तशी ती आंबटाला घाबरते, हा धड्याचा पुढचा भाग जानूला कुणी शिकवला नव्हता. तो पेल्यात डोळे फाडून पाहत राहिला. मग पुरावा नाहीसा करण्याचा जो एकच मार्ग त्याला दिसला तो त्यानं धरला. त्यानं सगळं पन्हं घटाघट पिऊन टाकलं.

"आवडलेलं दिसतंय," काशीबाई म्हणाली, आणि तिनं पेला पुन्हा भरला.

पाहुण्यानं नाही म्हणायचं तर तोंड उघडावं लागणार, आणि तोंड उघडायचं नव्हतं. जानूनं दुसरा पेला प्यायला. तो पहिल्याहून काळा झाला. पेला खाली ठेवताना त्यानं बहिणीकडे पाहिलं. मंजुळाबायचे डोळे बाहेर यायचे बाकी राहिले होते. ती पदराआडून नाकाखाली बोट फिरवून खुणा करत होती. जानूला वाटलं, मिशीला पन्हं लागलंय ते पुस म्हणते. त्यानं हाताच्या पालथ्यानं मिशी चांगली दोन्हीकडं पुसली. मिशीची डावी बाजू आता नारळाच्या शेंडीच्या रंगाची होती, उजवी अर्धी काळी, आणि काशीबाई हातात तांब्या घेऊन त्याच्याकडे टक लावून पाहत उभी होती. तिनं तिसरा पेला भरला.

वामनचं या सगळ्याकडे लक्ष नव्हतं. पाहुणा बोलत नाही म्हटल्यावर यजमानानं बोलावं, म्हणून तो जाळ्यांवर घसरला होता. "मुंबयला आता नायलानची जाळी निगालीत," तो सांगत होता. "कुजत नाय, पानी पीत नाय. रंगच धरत नाय म्हना ना! फुडल्या दोनचार सालांत हे सालवाले घरी बसनार. तसंही सालीत काय हाय? नुसता रंग."

"नुसता रंग?"

हे वाक्य जानूच्या तोंडून कसं सुटलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. मग मात्र बांध फुटला. "नुसता रंग? आरं, सूत टिकतं ते कशाच्या जोरावर? तुजा बाप दर्यावरून जाळं घेऊन परत आला तो कशाच्या जोरावर? रंग धरत नाय म्हनं! जे रंगच धरत नाय त्याला मायाममता काय असनार? साल सुताच्या पोटात शिरते, भायेर बसत नाय! ऊन खाते, वारा खाते, आनि मंग रंग दावते! नुसता रंग म्हनतोय! ऊठ! हंड्यापासून लांब हो!"

हंडा तिथं कुठंच नव्हता. जानू हे ध्यानात येऊन थांबला तेव्हा तो उभा होता, पेला हातात, पन्हं धोतरावर, आणि मिशी दोन रंगांची. वामन तोंड वासून बसला होता. मंजुळाबायनं पदर डोळ्यांवर ओढून घेतला होता. सगळं संपलं, जानूला वाटलं. त्याला हंड्याखालची ती विझलेली राख आठवली.

तेवढ्यात काशीबाई हसली. आधी पदरात, मग मोकळी, मग दाराची चौकट धरून.

"वामन, अरं हेच ते! तेच सालवाले! मागल्या साली तुजी जाळी घेऊन गेल्ती, तवा कमरंचा कोयता बगून ह्याच आवाजात मला वरडलं होतं!"

कुणालाच काही उलगडेना. काशीबाईनं डोळे पुसले आणि मंजुळाबायपुढं बसली. "बाय, तुमी बाजारात सालवाल्याचं नाव काढलंत, तवाच मी मनात हो म्हटलं होतं. धुरातून त्यांचं तोंड नीट दिसलं नवतं, पांढरी मिशी तेवडी ध्यानात होती. मला शिव्या घातल्या त्या घातल्या, पन दुसऱ्या दिवशी आमची जाळी सोताच्या हातानं घडी करून गाडीत ठेवली. आनि आज तुमी हा काळ्या मिशीचा दुसराच कोन घेऊन आलात! नुसतं हं हं करतंय. मी म्हटलं, थोरल्याला दाखवायचं कबूल करून धाकट्याला माज्या गळ्यात बांदतायत. पन्हं पाजून परत धाडनार होती."

शेवटी मंजुळाबायनं पदर खाली घेतला आणि म्हणाली, "वय पन मी खोटं सांगितलं, काशीबाय. चाळीस नाय. पन्नाशी कदीच उलटली."

"ते मिशीवरूनच कळलं होतं मला," काशीबाई म्हणाली. आता ती हसत नव्हती. तिनं पहिल्यांदाच सरळ जानूकडे पाहिलं. "काळ्या मिशीचा एक बगितला मी. तो दर्यात गेला तो आलाच नाय. ज्याची मिशी पिकली तो दरसाल घरी परत आला म्हनूनच पिकली ना? मला परत येनारं मानूस पायजे."

सगळा जन्म जानूनं रंग चढवण्यात घालवला होता आणि आपल्या मिशीचा तेवढा उडाला म्हणून मनातल्या मनात तो कुढत होता. पांढरा हाही चढत जाणारा रंग आहे, एकेका मोसमाबरोबर, हे त्याला या बाईनं सांगितलं. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवलेही नाहीत. मग त्यानं रिकामा पेला तिच्यापुढं धरला.

"आनखी हाय काय पन्हं?"

"पोट फुटंल तुमचं," काशीबाई म्हणाली. ती आत गेली, लिंबाची अर्धी फोड घेऊन आली आणि ती त्याच्या काळ्या बोटांत दिली. जानू ओट्याच्या कडेला बसला आणि सगळ्यांसमोर मिशी चोळायला लागला.